दिवा हिरवा, तरी नेट गायब

घरातल्या वायफायची तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते: ‘नेट येतं-जातं.’ वाक्य खरे असते, पण दुरुस्तीला त्याचा उपयोग होत नाही, कारण ‘नेट’ ही एकच एक वस्तू नव्हे. संगणकापासून राउटरपर्यंतची बिनतारी जोडणी, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंतची फायबरची किंवा मोबाइलची जोडणी आणि तिथून पुढचे जगभरचे जाळे, एवढे तीन टप्पे ओलांडून एखादे पान पडद्यावर येते. यातला कोणताही टप्पा लटपटला तरी पडद्यावर दिसते ते सारखेच: गोल फिरत राहतो आणि पान येत नाही. त्यामुळे कोणता टप्पा तुटतो आहे हे ठरले की निम्मे काम झाले. ते न ठरवता राउटर बंद-चालू करणे, ड्रायव्हर बदलणे, शेवटी कंटाळून नवा राउटर आणणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे, संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे गाव. अशा गावातल्या वायफायची दुखणी शहरातल्या फ्लॅटपेक्षा वेगळी असतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत संगणकावर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची वीस-पंचवीस नावे दिसतात. तिथे त्रास गर्दीचा. मराठवाड्यातल्या गावात ही यादी छोटी असते, पण भिंती जाड, छपरावर पत्रा, विजेचा दाब खाली-वर आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. घरात संगणक ठेवण्याची कारणे मात्र सगळीकडे तीच: सातबारा काढणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, निकाल पाहणे, हळदीचा भाव पाहणे. अर्जाच्या शेवटच्या पानावर ‘सबमिट’ दाबताना जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पूर्ण बंद पडलेल्या नेटपेक्षा अधूनमधून दगा देणारे नेट जास्त छळते, ते यामुळेच.

आधी टप्पा ओळखा

कोणता टप्पा तुटतो आहे हे संगणकालाच विचारता येते. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘सीएमडी’ लिहून एंटर दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ लिहिल्यावर बऱ्याच ओळी येतात. त्यांतल्या वायफायच्या भागात ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांसमोर एक क्रमांक असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हा घरातल्या राउटरचा पत्ता. आता ‘पिंग’, मोकळी जागा, हा पत्ता, पुन्हा मोकळी जागा आणि ‘-टी’ असे लिहिले की संगणक साधारण दर सेकंदाला राउटरला हाक मारत राहतो आणि प्रत्येक उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते ओळीओळीने दाखवतो. हे थांबवायला कंट्रोल आणि ‘सी’ दाबायचे.

अशीच दुसरी काळी खिडकी उघडून तिथे राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. या पत्त्यावरची, गूगलने २००९ पासून सर्वांना खुली ठेवलेली सेवा घराबाहेर आहे, त्यामुळे तिचे उत्तर पुढचे टप्पे ओलांडून येते. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहावे. एखादी ओळ चुकली तर तो बिघाड समजू नये. चुकण्यात काही सातत्य आहे का ते पाहावे.

राउटरची उत्तरे एक ते पाच मिलिसेकंदांत सुरळीत येत आहेत आणि ८.८.८.८ च्या खिडकीत मात्र ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी पडत आहेत, असे असेल तर घरातले वायफाय निर्दोष आहे. दोष राउटरच्या पलीकडे आहे आणि अशा वेळी संगणकात कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही. राउटरच्याच खिडकीत २, ३, १८०, ९०० असे आकडे उड्या मारत असतील आणि मधूनच उत्तर बंद होत असेल, तर बिनतारी टप्पाच कच्चा आहे. दोन्ही खिडक्या ठीक आहेत, तरी संकेतस्थळे उघडत नाहीत, असेही घडते. त्याचा संबंध नावांच्या यादीशी किंवा संगणकाच्या घड्याळाशी असतो. तो भाग पुढे येईल.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. संगणकाच्या जागेवरच मोबाइल ठेवून तोच व्हिडिओ त्याच वायफायवर लावावा. त्याआधी मोबाइलचा डेटा बंद करायला विसरू नये, नाहीतर सिमवर चाललेला व्हिडिओ वायफायच्या नावावर जमा होतो. मोबाइल ठीक आणि संगणक अडखळतो, तर दोष संगणकात. दोन्ही अडखळतात, तर दोष जागेत, राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. मग लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पाहावा किंवा संगणकाला थेट लॅनची वायर लावून पाहावी. वायरवर सगळे सुरळीत चालले तर राउटरच्या पुढची वाट दोषमुक्त ठरते.

लहर, भिंत आणि कोठी

वायफायची लहर ही रेडिओ लहरच आहे. जुन्या आणि अजूनही वापरातल्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात तिची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून जराशी जास्त असते. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती साधारण साडेपाच सेंटिमीटरवर येते. लांब लहर अडथळ्यांतून तुलनेने बरी निघते. आखूड लहर जास्त माहिती वाहते, पण लवकर दमते. हाच नियम वापरून आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात प्रयोग केला. टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या, पण मोकळ्या पडलेल्या कमी वारंवारतेच्या लहरी वापरून झाडी-टेकड्यांच्या भागातल्या गावांपर्यंत इंटरनेट नेले गेले आणि गावात पोहोचल्यावर ते वायफायने वाटले गेले. लांबच्या पल्ल्यासाठी लांब लहर, घरातल्या वाटपासाठी आखूड, अशी ती विभागणी होती.

लहरीची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत मोजतात. राउटरशेजारी उणे ४० च्या आसपास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट, उणे ७५ ला अडखळ आणि उणे ८५ ला जोडणी तुटायची वेळ, असा ढोबळ हिशेब आहे. दर ३ आकड्यांनी ताकद निम्मी होते आणि दर १० आकड्यांनी एक दशांश. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटींचा फरक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ आकडे जातात. विंडोज हीच गोष्ट टक्क्यांत सांगते. काळ्या खिडकीत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ एवढे इंग्रजी अक्षरांत लिहिले की ‘सिग्नल’ समोर टक्के दिसतात. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५. त्यामुळे ५० टक्के म्हणजे ‘निम्मे तरी आहे’ असे समाधान मानण्यात अर्थ नाही. तो काठावरचा आकडा आहे.

आता गावातले एक नेहमीचे घर पाहू. खांबावरून आलेली फायबरची बारीक काळी वायर ओसरीतून आत शिरते. जोडणी करणारा माणूस राउटर तिथेच, विजेच्या मीटरच्या फळीशेजारी ठोकून जातो, कारण वायर तिथपर्यंतच पुरते. ओसरीमागे माळवदाची जुनी खोली: दगड-मातीची दोन फूट रुंद भिंत. तिला टेकून लोखंडी कपाट आणि ज्वारीची पत्र्याची कोठी. त्यामागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली आणि तिच्या कोपऱ्यात संगणक. राउटर आणि संगणक यांच्यामध्ये मनातल्या मनात दोरी ताणली तर ती दगडी भिंत, कोठी, कपाट आणि पुन्हा एक भिंत यांतून जाते. साधी विटेची भिंत यातले काही आकडेच खाते. सळयांचे काँक्रीट दहा-पंधरा सहज खाते. पत्रा तर लहर शोषत नाही, ती माघारी परतवतो. कोठी रिकामी असो की भरलेली, वायफायला ती आरशासारखीच असते. पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत उन्हाळ्यातल्या कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लहर शोषते, म्हणून ‘उन्हाळ्यात चालायचं, आता चालत नाही’ ही तक्रार खोटी नसते.

अशा घरात दोरीची वाट बदलणे हाच पहिला उपाय. कोठी दोन हात सरकवली, टेबल दाराच्या सरळ रेषेत आणले किंवा राउटर भिंतीच्या आतल्या बाजूला घेतला, तर आकडा दहाने सुधारू शकतो, म्हणजे दहापट ताकद मिळते, तीही फुकट. राउटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी तो ठेवू नये. पाणीही लहर शोषते. उभ्या अँटेनाची लहर मेदूवड्याच्या आकारात आडवी पसरते आणि अँटेनाच्या थेट डोक्यावर सर्वांत क्षीण असते. वरच्या मजल्यावर वायफाय हवे असेल तर दोनांपैकी एक अँटेना आडवी करून पाहावी.

रांग आणि गोंगाट

आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, नरसीत नामदेवांच्या दर्शनासाठी मोठी रांग लागते. वायफायही रांगेनेच चालते. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. बाकीची आधी कानोसा घेतात, हवा मोकळी असेल तरच बोलतात, दोघे एकदम बोलले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. रांगेत एखादा रेंगाळला की मागचे सगळे खोळंबतात, तसेच इथेही होते. अंगणात पडलेला, राउटरपासून दूर असलेला एखादा जुना मोबाइल क्षीण सिग्नलमुळे अगदी सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो. त्याचा फटका राउटरशेजारच्या संगणकालाही बसतो. म्हणून ‘आपला सिग्नल पूर्ण आहे, तरी नेट संथ’ याचे कारण कधी कधी घरातल्याच दुसऱ्या यंत्रात सापडते.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याविना वापरायला मोकळा झाला. त्यात १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्‌झवर असतात आणि एका संभाषणाला किमान २० मेगाहर्ट्‌झची जागा लागते. त्यामुळे एकमेकांना धक्का न लागणारे चॅनेल तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारच्याचा राउटर ३ वर असेल तर तो १ आणि ६ दोन्हींना त्रास देतो. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल या तिघांपैकी सर्वांत मोकळा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवली की २.४ चा पट्टा शांत होतो. चॅनेल आपोआप निवडणारा राउटर कधी १२ किंवा १३ वर जातो. अशा वेळी अमेरिकेतल्या नातलगांनी आणलेल्या लॅपटॉपला घरचे वायफाय दिसेनासे होऊ शकते, कारण तिथल्या बाजारातली बरीच यंत्रे ११ च्या पुढे पाहतच नाहीत. यंत्रात बिघाड नसतानाही ‘परवा दिसत होतं, आज गायब’ असा प्रकार यातून होतो.

५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बराच रुंद मोकळा झाला. तो कमी गर्दीचा आणि वेगवान आहे. एका खोलीत संगणक आणि राउटर असतील तर तोच निवडावा. पण दगडी भिंतीपलीकडे तो टिकत नाही. बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते. मधल्या खोलीतला संगणक कधी ५ वर जातो, सिग्नल पडला की २.४ वर उडी मारतो, पुन्हा परततो आणि प्रत्येक उडीत काही सेकंद जोडणी तुटते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन संगणक एकालाच बांधला तर हा खेळ थांबतो.

सिग्नल किती मोठा यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आहे, हे महत्त्वाचे. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्यासाठी जागा शोधताना एक मोठी अट होती ती जमिनीखालच्या शांततेची, कारण अतिक्षीण लहर ऐकायची तर भोवतालचा थरथराट कमी हवा. घरच्या टेबलावरही नियम तोच आहे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये ब्लूटूथ आणि बिनतारी माऊस बोलतात, मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि युएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची वायर याच पट्ट्यात गोंगाट सोडते. हा शेवटचा दोष इंटेल कंपनीने २०१२ मध्ये मोजून दाखवला होता. पेनड्राइव्हवर फाइल उतरवायला लागले की वायफाय मंदावते आणि काम संपले की सुधारते, असे दिसले तर शोध तिथेच संपतो.

दोष संगणकातच असेल तर

डेस्कटॉप संगणकांना बहुधा मूळचे वायफाय नसते. नखाएवढा युएसबी डोंगल लावून ते आणलेले असते. हा डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचला जातो. पुढे पत्र्याचे कॅबिनेट, मागे भिंत, शेजारी युएसबी ३ ची निळी खोबण, अशा कोनाड्यात तो दबलेला असतो. हातभर लांबीची युएसबी एक्स्टेंशन वायर आणून डोंगल टेबलाच्या वर, राउटरच्या बाजूला टांगला तर पुष्कळ घरांतला बिघाड तिथेच मिटतो. आत बसवलेले वायफाय कार्ड असेल तर मागच्या पितळी आट्यांवर दोन्ही अँटेना घट्ट फिरवलेल्या आहेत का ते पाहावे. झाडलोट करताना त्या निघतात आणि परत लावल्या जात नाहीत.

त्यानंतर वीज वाचवण्याची सोय. थोडा वेळ काम नसले की विंडोज वायफायचे यंत्र झोपवते आणि काही यंत्रे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. चहा घेऊन परत आल्यावर नेट गेलेले दिसते, ते यामुळे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावरील पहिली खूण काढली की वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची विंडोजची मुभा संपते. तो रकाना दिसतच नसेल तर ती सोय त्या यंत्राला लागू नाही, असे समजावे.

ड्रायव्हर, म्हणजे वायफायचे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, हा तिसरा भाग. बिघाड विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून आधीचा ड्रायव्हर परत आणावा. बिघाड जुनाच असेल तर संगणक किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यानंतर आलेल्या नव्या यंत्रांचे ड्रायव्हर जुन्या विंडोजला मिळतीलच असे नाही. जोडणी नेमकी केव्हा तुटते हे विंडोज स्वतः लिहून ठेवते. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ लिहिले की गेल्या तीन दिवसांचा आलेख असलेले पान तयार होते. तुटण्याच्या वेळा आणि घरातली वीज जाण्याच्या वेळा जुळवून पाहिल्या तर अनेकदा ड्रायव्हरचे नाव निर्दोष सुटते.

शेवटचा दोष नेटसारखा दिसतो, पण नेटचा नसतो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते. ती संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख तारखेसह पटवतात. संगणक २०१५ सालात आहे असे समजत असेल तर त्याला ती सगळी ओळखपत्रे अवैध वाटतात, पाने उघडत नाहीत आणि खापर वायफायवर फुटते. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली की हे लगेच कळते. सीआर २०३२ ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

वीज, ऊन आणि पाऊस

राउटर बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. हा अडॅप्टर जुना झाला की दिवा पेटवण्यापुरती वीज देतो, पण सगळी यंत्रे एकदम बोलू लागली की तेवढी देऊ शकत नाही. मग राउटर मिनिटभरासाठी स्वतःच पुन्हा सुरू होतो. हिरवा दिवा लागलेला असताना नेट जाण्यामागे पुष्कळदा हेच असते. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तोच आणि अँपिअर तितकाच किंवा जास्त, हा नियम पाळावा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा अडॅप्टर लावू नये.

वीज क्षणभर गेली तरी राउटर आणि फायबरची वायर जिथे संपते तो डबा यांना पुन्हा उभे राहायला दोन-तीन मिनिटे लागतात. लपंडावाच्या दिवसांत ही मिनिटे जमून तास होतात. घरातल्या इन्व्हर्टरवर राउटर जोडला तर प्रश्न सुटतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीच विकल्या जाणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तो काही तास निघतो, कारण त्याची भूक दहा-बारा वॉटचीच असते. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. एकच जागा राहिला तर उपयोग नाही.

घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेले असते. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच ४० ओलांडते आणि पत्र्याच्या छपराखाली, कपाटाच्या वर ते आणखी चढते. दुपारी एक ते पाच नेट मरगळते आणि रात्री आपोआप सुधारते, असे रोज होत असेल तर राउटर खाली, हवेशीर भिंतीवर घ्यावा. त्यावर रुमाल किंवा शोभेची वस्तू ठेवू नये. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की राउटर आणि संगणक दोन्हींचे प्लग काढून ठेवणे शहाणपणाचे. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने आणि घरातल्या लॅनच्या तांब्याच्या वायरीने येते.

राउटरच्या पलीकडे

पिंगच्या परीक्षेत राउटर निर्दोष ठरला तर नजर फायबरच्या डब्याकडे वळवावी. ‘लॉस’ किंवा ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही: वायर तुटली, उंदराने कुरतडली, वानरांनी ओढली किंवा खिळ्याजवळ घट्ट दुमडली. फायबर तुटली नाही तरी फार वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. म्हणून जास्तीची वायर घट्ट गुंडाळू नये, पोळपाटाएवढे सैल वेटोळे करावे. त्या वायरीचे उघडे टोक डोळ्यासमोर धरू नये. तिच्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.

लाल दिवा नाही, तरी संध्याकाळी सात ते दहा सगळे संथ आणि पहाटे वेगवान, हे गर्दीचे लक्षण. फायबरचा एक धागा वाटेत विभागून अनेक घरांना दिलेला असतो. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरबाबत हीच गोष्ट टॉवरची. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला आणि २०१५ पासून तो भारतनेट या नावाने ओळखला जातो. पण ग्रामपंचायतीपर्यंतची वाट आणि घरापर्यंतची वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बिघाड बहुधा दुसरीत होतो.

नावांच्या यादीचा दोष यातच मोडतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची सेवा मंदावली की पिंग ठीक आणि पाने बंद, असा विचित्र प्रकार होतो. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरले की तो मिटतो. आणि घरात दोन राउटर असतील, दोन्ही आपापले पत्ते वाटत असतील, तर संगणकाला कधी एकाचा, कधी दुसऱ्याचा पत्ता मिळून गोंधळ होतो. आतल्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद ठेवावी आणि त्याला वेगळा क्रमांक द्यावा.

दुरुस्तीचा क्रम

खर्च नसलेले उपाय आधी, खर्चाचे नंतर आणि एका वेळी एकच बदल, एवढे पाळले की दोष सापडतो. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबून चालू करणे, जागा बदलणे, चॅनेल बदलणे, पट्टे वेगळे करणे, डोंगल बाहेर काढणे, वीज वाचवण्याची खूण काढणे, या क्रमाने जावे आणि प्रत्येक बदलानंतर सिग्नलचे टक्के आणि पिंगचे आकडे वहीत लिहावेत. एकदम चार गोष्टी बदलून नेट सुधारले तर कशाने सुधारले ते कळत नाही आणि महिन्याने तोच बिघाड परत आला की पुन्हा पहिल्यापासून शोध.

एवढे करूनही जाड भिंत आड येतच असेल, तर एका जागी राहणाऱ्या संगणकाला लॅनची वायर हा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि मधल्या अंगणातूनही ती नेता येते. तिच्या दुसऱ्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला तर मागच्या खोलीतल्या मोबाइलनाही नवे वायफाय मिळते. सिग्नल वाढवणारा रिपीटर वायरशिवाय चालतो, पण एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकलेले पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि तो जिथे सिग्नल मरतो तिथे लावून उपयोग नाही. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावावा लागतो. दोन-तीन डब्यांचे मेश राउटर मोठ्या वाड्याला सोयीचे, पण दगडी भिंत असेल तर त्यांच्यामध्येही वायर टाकलेलीच बरी.

कंपनीच्या माणसाला बोलवायची वेळ आली तर वहीतल्या नोंदी कामी येतात. ‘नेट येतं-जातं’ असे सांगितल्यावर तो राउटर बंद-चालू करून निघून जातो. ‘संगणक वायरने राउटरला जोडलेला असताना राउटरचे उत्तर २ मिलिसेकंदांत येते आणि बाहेरचे रोज संध्याकाळी आठच्या सुमारास तुटते’ असे सांगितले, तर त्याला संगणकाकडे पाहण्याची गरज राहत नाही. शिडी घेऊन तो थेट खांबाकडे जातो.